कब्बालाच्या दारात: नवख्या वाचकाने सुरुवात कुठून करावी

काही वर्षांपूर्वी झोहर या कब्बालाच्या मुख्य ग्रंथाच्या इंग्रजी अनुवादाचा पहिला खंड मी मोठ्या हौसेने आणला आणि पहिल्या पानापासून वाचायला बसलो. काट्यांमध्ये उमललेलं एक फूल, त्याच्या तेरा पाकळ्या, भोवतीची पाच पानं, आणि मग एकदम उत्पत्तीच्या पहिल्या ओळींमधले शब्द मोजणं सुरू. महिनाभरात पुस्तक मिटलं. दोष पुस्तकाचा नव्हता. ज्या घरात अंगणातून शिरायचं, त्या घरात मी कौलं काढून उतरायला बघत होतो. पुढे नीट क्रमाने वाचलं तेव्हा तेच पान उघडलं. तो क्रम इथे सांगतो.

हे मार्गदर्शन हिब्रू न येणाऱ्या, ज्यू परंपरेत न वाढलेल्या, पण मनापासून समजून घेऊ इच्छिणाऱ्या मराठी वाचकासाठी आहे. सामान फार लागत नाही. एक मराठी बायबल, इंटरनेटवरचा सेफारिया हा मोफत ग्रंथसंग्रह (मूळ हिब्रू-अरामी मजकूर आणि बऱ्याच ग्रंथांचे इंग्रजी अनुवाद तिथे समोरासमोर मिळतात), एक वही, आणि जमलं तर सोबत वाचणारा एक माणूस. आठवड्याला दोन तास धरले तर सहा महिन्यांत पाय रोवता येतात.

‘कब्बाला’ म्हणजे ज्यू गूढवाद. शब्दाचा अर्थ जे स्वीकारलं ते, परंपरेने हाती आलेलं. हे एका पुस्तकाचं नाव नाही. दोन हजार वर्षांत बॅबिलोन, गालील, प्रोव्हान्स, स्पेन, साफेद, युक्रेन अशा ठिकाणी लिहिलं गेलेलं हे मोठं वाङ्मय आहे, आणि त्याच्या मुळाशी एकच ओढ आहे: जो दिसत नाही, ज्याची मूर्ती करता येत नाही, त्याला ओळखायचं कसं?

पहिली पायरी: आधी तनाख, तेही हळू

ज्यू लोक आपल्या पवित्र ग्रंथाला ‘तनाख’ म्हणतात. ‘जुना करार’ हे ख्रिस्ती नाव आहे, ज्यू वाचक ते वापरत नाहीत. मजकूर तुमच्या मराठी बायबलच्या पहिल्या भागात आहेच, फक्त पुस्तकांचा क्रम थोडा वेगळा असतो. सगळं वाचायची गरज नाही. उत्पत्ति 1, निर्गम 3 आणि 33, यशया 6, यहेज्केल 1 आणि पूर्ण गीतरत्न, एवढं पुरे. पण एवढं मात्र दोनदा वाचा, कारण पुढचं सगळं गूढवाङ्मय याच पानांवर उभं आहे. ज्याला ही पानं ठाऊक नाहीत त्याला झोहर म्हणजे नुसता शब्दांचा धूर वाटतो.

निर्गम 33 वर जास्त वेळ थांबा. मोशे देवाकडे मागणं मागतो: मला तुझं तेज दाखव. उत्तर येतं की माझं मुख पाहून कोणी मनुष्य जिवंत राहणार नाही. पण नकार तिथे संपत नाही. देव त्याला खडकाच्या कपारीत उभं करतो, स्वतः जाईपर्यंत आपल्या हाताने झाकून ठेवतो, आणि मग हात काढतो. मोशेला दिसतो तो पाठमोरा. ज्या माणसाला परंपरा सर्वांत मोठा संदेष्टा मानते, त्यालाही पाठमोरंच दर्शन! हे दृश्य मनात पक्कं ठेवा. पुढे येणारा प्रत्येक ग्रंथ त्या कपारीत उभं राहून लिहिलेला आहे, असं मी समजतो.

यहेज्केल 1 वाचताना पेन्सिल हातात घ्या. इ.स.पू. 593 च्या सुमारास बॅबिलोनच्या बंदिवासात, खबार नदीच्या काठी या याजकाला रथाचं दर्शन होतं: चार जीव, प्रत्येकाला माणूस, सिंह, बैल आणि गरुड अशी चार मुखं, चाकात चाक, वर आसन. आता प्रत्येक ‘सारखं’, ‘जणू’, ‘समान’, ‘प्रतिमा’ या शब्दांखाली रेघ मारा. पान रेघांनी भरून जाईल. शेवटी तर तो परमेश्वराचं तेज पाहिलं असंही म्हणत नाही, तेजाच्या प्रतिमेचं दर्शन घडलं असं म्हणतो, तीन पडद्यांआडून. मंदिर मागे राहिलं होतं, माणसं परमुलखात आणून टाकलेली होती, आणि देव चाकांवर बसून तिथे आला. या रथाला हिब्रूत ‘मेर्कावा’ म्हणतात, आणि ज्यू गूढवादाचा सर्वांत जुना प्रवाह याच नावाने ओळखला जातो.

दुसरी पायरी: इशारे समजून घ्या, पण त्यांना घाबरू नका

सुमारे इ.स. 200 च्या मिश्नामध्ये, म्हणजे ज्यू धर्मनियमांच्या संग्रहात, हगीगा नावाच्या भागात, एक नियम आहे. सृष्टीच्या उत्पत्तीचं रहस्य एका वेळी दोघांना शिकवू नये, आणि रथाचं रहस्य तर एकट्यालाही नाही, जर तो शहाणा नसेल आणि स्वतःच्या बुद्धीने समजणारा नसेल. तालमुदात, म्हणजे मिश्नावरच्या चर्चांच्या ग्रंथात, त्यावर एक कथा येते. एक मुलगा गुरूच्या घरी यहेज्केल वाचत होता. ‘हश्मल’ या शब्दाचा अर्थ त्याला उमगला आणि त्यातून आग निघून तो जळाला. आजच्या हिब्रूत हश्मल म्हणजे वीज. तेल अवीवमध्ये विजेच्या बिलावर तोच शब्द असतो.

दुसरी कथा अधिक प्रसिद्ध आहे. चौघे ‘पर्देस’मध्ये, म्हणजे बागेत, शिरले. बेन अज्जाईने पाहिलं आणि तो मेला. बेन झोमाने पाहिलं आणि त्याचं मन बिघडलं. एलिशा बेन अवुया याने रोपं छाटली, म्हणजे श्रद्धा सोडली. फक्त रब्बी (धर्मगुरू) अकिवा सुखरूप आत गेले आणि सुखरूप बाहेर आले. चारांतला एक.

यावरून लोक एक ऐकीव नियम सांगतात: चाळिशीच्या आत कब्बाला वाचू नये. त्याची ठोस पार्श्वभूमी जाणून घ्या. 1665-66 मध्ये शब्बताई झ्वी नावाच्या माणसाने स्वतःला मशीहा म्हणवलं, कब्बालाच्या आधाराने ज्यू जगतात प्रचंड खळबळ उडवली आणि 1666 मध्ये सुलतानासमोर धर्म बदलला. त्या जखमेच्या आणि तिच्या पुढच्या परिणामांच्या भीतीतून 1756 मध्ये पूर्व युरोपातल्या ब्रोडी इथल्या रब्बींनी वयाची बंधनं घातली: झोहर तिशीनंतर, लुरियाची शिकवण चाळिशीनंतर. पण ज्यांची ही शिकवण ते सोळाव्या शतकातले गूढवादी गुरू इत्झाक लुरिया स्वतः 38 व्या वर्षी वारले! तेव्हा वयाचा आकडा शब्दशः धरू नका. आधी तनाख, मग बाकीचं; रोजचं आयुष्य जाग्यावर असू द्या; एकट्याने उपास-जागरणं करून दर्शनं शोधू नका. इशाऱ्याचा गाभा एवढाच आहे आणि तो मला आजही खरा वाटतो. मन फार अस्वस्थ असेल त्या काळात हे वाचन बाजूला ठेवा. ग्रंथ कुठे जात नाहीत.

तिसरी पायरी: बावीस अक्षरं

हिब्रू भाषा शिकणं मोठं काम आहे, पण अक्षरं एका आठवड्यात शिकता येतात. आलेफपासून ताव्हपर्यंत बावीस, उजवीकडून डावीकडे. एवढं केलं तरी निम्मं अंतर कापलं जातं, कारण या परंपरेत अक्षरं म्हणजे नुसती चिन्हं नव्हेत. देव बोलला आणि जग झालं. म्हणजे जगाचा माल अक्षरांचाच आहे.

प्रत्येक अक्षराला अंकही असतो: आलेफ 1, बेत 2, गिमेल 3, पुढे योद 10, मग दहा-दहाने आणि शंभरा-शंभराने. शब्दांची बेरीज करून अर्थाचे दुवे शोधण्याला ‘गेमात्रिया’ म्हणतात. एक उदाहरण स्वतः करून पाहा. ‘एहाद’ म्हणजे एक: आलेफ 1, हेत 8, दालेत 4, बेरीज 13. ‘अहवा’ म्हणजे प्रेम: आलेफ 1, हे 5, बेत 2, हे 5, बेरीज 13. दोन्ही मिळून 26. आणि देवाचं चार अक्षरी नाव, योद-हे-वाव-हे: 10, 5, 6, 5, बेरीज 26. एकत्व आणि प्रेम मिळून ते नाव होतं. हे गणिताचं प्रमाण नाही, ध्यानाला दिलेलं टेकण आहे. नवखे वाचक इथेच रमतात आणि गाडीच्या नंबरपर्यंत पोचतात. तसं करू नका.

त्या चार अक्षरी नावाबद्दल एक शिस्त पाळा. ज्यू माणूस ते उच्चारत नाही. प्रार्थनेत ‘अदोनाय’, म्हणजे माझा प्रभू, म्हणतो आणि बोलण्यात ‘हाशेम’, म्हणजे ‘ते नाव’. मराठी बायबलमध्ये त्या जागी ‘परमेश्वर’ आहे. ज्यांच्या घरचं वाचतोय त्यांचा हा मान तुम्हीही राखा.

अक्षरं आली की ‘सेफेर येत्झिरा’ वाचा. काही पानांचंच पुस्तक आहे, एका बैठकीत होतं. लेखक आणि काळ यांवर विद्वानांचं एकमत नाही, पण दहाव्या शतकात सादिया गाओन यांनी त्यावर भाष्य लिहिलं होतं. देवाने बत्तीस अद्भुत वाटांनी जग घडवलं, असं ते सुरू होतं: दहा सेफिरोत (म्हणजे काय ते पुढच्या पायरीत) आणि बावीस अक्षरं. ‘दहा, नऊ नव्हेत, दहा, अकरा नव्हेत’ असा त्याचा ठेका आहे. पूर्ण समजलं नाही तरी पुढे चला. त्यातली एक प्रतिमा मात्र सोबत घ्या: सेफिरोत या निखाऱ्याला धरून राहिलेल्या ज्वाळेसारख्या आहेत. ज्वाळा निखाऱ्यापासून सोडवता येत नाही आणि ती निखाराही नव्हे.

चौथी पायरी: दहा सेफिरोत, वहीत स्वतःच्या हाताने

बाराव्या शतकाच्या अखेरीस प्रोव्हान्समध्ये आणि तेराव्यात स्पेनच्या गिरोनात कब्बाला आपलं ठरलेलं रूप घेऊ लागली. तिचं मूळ म्हणणं दोन भागांत सांगता येईल. देव स्वतः जसा आहे तसा म्हणजे ‘एन सोफ’, अंत नसलेला. त्याच्याविषयी काहीही बोलता येत नाही, त्याला नाव देता येत नाही, विचारही तिथवर जात नाही. पण तो स्वतःला प्रकट करतो, आणि त्या प्रकट होण्याचे दहा टप्पे किंवा दहा पैलू म्हणजे सेफिरोत. साफेदच्या मोशे कोर्दोवेरो यांनी दिलेला दाखला मला सर्वांत सोपा वाटतो: ऊन एकच, पण रंगीत काचांमधून आत आलं की कुठे तांबडं, कुठे हिरवं दिसतं. उन्हात बदल झालेला नसतो.

छापील आकृती पाहू नका, स्वतः काढा. तीन खांब आखा. मधल्याच्या माथ्यावर केतेर, म्हणजे मुकुट. उजवीकडे वरून खाली होख्मा (ज्ञानाची पहिली ठिणगी), हेसेद (मुक्त दया), नेत्सह (टिकून राहणं). डावीकडे बीना (समज, जिच्यात ठिणगी आकार घेते), गेवुरा (न्याय, मर्यादा), होद (वैभव). मधे केतेरखाली तिफेरेत (सौंदर्य, समतोल), त्याखाली येसोद (पाया) आणि तळाशी मलखूत (राज्य).

आता यातला ताण बघा. नुसती दया असेल तर तिला काठ नसतो, सगळं वाहून जातं. नुसता न्याय असेल तर काहीच जगू शकत नाही. झोहरच्या मते न्याय दयेपासून तुटला की त्यातूनच दुष्टाव्याची बाजू बळावते. अब्राहाम म्हणजे हेसेद, इसहाक म्हणजे गेवुरा, आणि याकोबात दोन्ही भेटतात म्हणून तो तिफेरेत. हे कळलं की अब्राहामाने आपल्या मुलाला, इसहाकाला, वेदीवर बांधल्याची गोष्ट वेगळीच दिसू लागते.

तळाशी असलेली मलखूत म्हणजेच शेखिना, देवाचं जगात वसणारं सान्निध्य, आणि ती स्त्रीरूपात येते: वधू, राजकन्या, चंद्र, विहीर, बाग. स्वतःचा प्रकाश नसलेला चंद्र जसा सूर्याचा प्रकाश घेतो तशी ती वरच्यांकडून घेते आणि जगाला देते. तिचे लोक देशोधडीला लागले तेव्हा तीही त्यांच्यासोबत निघाली. देवाचाच एक भाग बेघर आहे, माणसासारखा घरी परतायची वाट पाहतोय, ही कल्पना ज्यांना सुचली त्यांनी किती हालअपेष्टा पाहिल्या असतील! मला कब्बालातलं सर्वांत खोल स्थान हेच वाटतं.

मराठी वाचकाच्या मनात इथे लगेच निर्गुण-सगुण येतं. एन सोफ म्हणजे निर्गुण ब्रह्म, सेफिरोत म्हणजे सगुण रूपं, झालं. ही जोडणी निदान सहा महिने वहीच्या शेवटच्या पानावर ठेवा. कारण फरक मोलाचे आहेत. इथे सेफिरोतना वेगळे देव मानून पूजणं हे मोठं पाप आहे. एलिशाने छाटलेली रोपं ती हीच, असं कब्बालाचे अभ्यासक सांगतात. इथे जग मिथ्या म्हणून सोडायचं नाही, तर दुरुस्त करायचं आहे. आणि माणसाने पाळलेल्या आज्ञेचा परिणाम वर, खुद्द देवाच्या अंतरंगावर होतो. उपमा लवकर लावली की हे फरक नजरेआड होतात.

पाचवी पायरी: आता झोहर

मी ‘झ’ने लिहितो, कारण आपल्याकडचा नमस्काराचा जोहार वेगळा. झोहर म्हणजे तेज. दानीएलाच्या बाराव्या अध्यायातून हा शब्द आला आहे. ग्रंथ मुख्यतः अरामी भाषेत आहे. त्यात दुसऱ्या शतकातले रब्बी शिमोन बार योहाय आणि त्यांचे सोबती गालीलच्या वाटांवर चालत, झाडाखाली थांबत, रात्री जागत तोऱ्हाच्या, म्हणजे तनाखच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, ओळी उलगडतात. तालमुद सांगतो की हे शिमोन रोमन सत्तेपासून लपून मुलासह तेरा वर्षं गुहेत राहिले, कॅरोबच्या शेंगांवर आणि झऱ्याच्या पाण्यावर.

ग्रंथ कोणाचा, हा प्रश्न तुम्हाला पहिल्याच आठवड्यात भेटेल. श्रद्धाळू ज्यू तो शिमोन बार योहाय यांचाच मानतात. संशोधक सांगतात की तो 1280 च्या दशकापासून स्पेनच्या कॅस्टिल प्रांतात, मोशे दे लेओन आणि त्यांच्या वर्तुळात लिहिला गेला. दे लेओन 1305 मध्ये वारले. अक्कोहून आलेल्या एका पंडिताने चौकशी केली, तेव्हा कानावर आलं की जुनी पोथी मिळावी म्हणून एका श्रीमंताने त्यांच्या विधवेला तिच्या मुलीसाठी आपला मुलगा देऊ केला होता, आणि ती म्हणाली होती की पोथी नव्हतीच, नवरा स्वतःच्या डोक्यातून लिहीत होता. मी संशोधकांच्या बाजूने आहे, पण त्यामुळे झोहरचं वजन माझ्या लेखी कमी होत नाही. तेराव्या शतकातल्या माणसांनी एवढं धगधगीत लिहावं, हेच मोठं आहे.

सुरुवातीपासून वाचू नका. दुसऱ्या भागातलं ‘साबा’ नावाचं प्रकरण आधी घ्या. त्यात एक म्हातारा गाढववाला वाटेत दोन विद्वानांपैकी एकाच्या डोक्याला कोड्यांनी ताप देतो, आणि मग तोच सर्वांत मोठा ज्ञानी निघतो. त्याच्या तोंडी एक दृष्टांत आहे. राजवाड्यात लपलेली एक सुंदरी. तिचा प्रियकर रोज फाटकाशी घुटमळतो. ती एक झरोका किंचित उघडते, क्षणभर चेहरा दाखवते आणि परत झाकून घेते. बाकी कोणाला दिसत नाही, फक्त त्याला. तोऱ्हा तशी आहे, म्हातारा म्हणतो. आधी खूण, मग पडद्याआडून बोलणं, मग पातळ पदराआडून कोडी, आणि शेवटी समोरासमोर.

पान वाचायची माझी रीत अशी. प्रत्येक चर्चा तनाखच्या एखाद्या ओळीने उघडते. ती ओळ शोधून तिचा सबंध अध्याय मराठीत वाचतो. मग बोलणारा कोण आणि कुठे आहे ते पाहतो, कारण वाटेवर सुचलेलं आणि मृत्युशय्येवर सांगितलेलं सारखं नसतं. मग तिसऱ्या वाचनात खुणेचे शब्द पकडतो: चंद्र, विहीर, गुलाब, वधू आले की मलखूत, नदीचा उगम किंवा आई आली की बहुधा बीना. पण पहिल्या वाचनात हे कोष्टक लावत बसू नका. गोष्ट आधी गोष्ट म्हणून भिडू द्या. दोन तासांत एक पान झालं तर छान झालं.

सेफारियावर मूळ आहेच. इंग्रजीत घ्यायचं तर डॅनिएल मॅट यांनी सुरू केलेला, 2004 ते 2017 या काळात स्टॅनफर्डने बारा खंडांत काढलेला सटीप अनुवाद सर्वांत विश्वासाचा. जालावर फुकट फिरणारा 1887 चा मॅदर्सचा अनुवाद टाळा; तो लॅटिनवरून केलेला आहे. योगायोग असा की त्याच सुमारास, 1887 मध्येच, आपल्या पुण्यात अब्राहाम डेव्हिड इझिकिएल या बगदादी ज्यू गृहस्थांनी झोहरमधला ‘इद्रा झुटा’ हा भाग हिब्रू लिपीतल्या अरबीत आणून छापला. शिमोन बार योहाय यांच्या शेवटच्या दिवसाचं ते प्रकरण. इतकं गुप्त काही बोलभाषेत छापावं हे बगदादच्या रब्बींना मुळीच रुचलं नाही. झोहरच्या छपाईच्या इतिहासात पुणे येतं, हे मला कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

आता ते पान, जे मला सुरुवातीला उघडलं नव्हतं. यशया 40:26 मध्ये म्हटलंय: डोळे वर करून पाहा, हे सगळं कोणी निर्माण केलं? हिब्रूत ‘कोणी’ला शब्द आहे ‘मी’, आणि ‘हे सगळं’ म्हणजे ‘एल्ले’. आपण स्वतःला जो शब्द लावतो तो तिथे ‘कोण’ विचारायला वापरतात! झोहर म्हणतो, या दोन शब्दांची अक्षरं एकत्र करा, ‘मी’ची दोन अक्षरं उलटी फिरवा, की ‘एलोहीम’ होतं, देव. ‘कोण?’ हा प्रश्न आणि ‘हे सगळं’ हे दिसणारं जग, दोन्ही एकत्र असतात तेव्हा देवाचं नाव पूर्ण होतं. सोन्याचं वासरू केलं त्या दिवशी लोक काय म्हणाले? ‘एल्ले’, हे तुझे देव. त्यांनी ‘कोण’ सोडून दिलं, नुसतं ‘हे’ ठेवलं. प्रश्न गळाला आणि मूर्ती उरली.

त्याच जागी आणखी एक शब्द येतो, ‘मा’, म्हणजे ‘काय’. माणूस शोधत शोधत एकेक पायरी चढतो, शेवटच्या पायरीवर पोचतो, आणि तिथे त्याला विचारलं जातं: काय? काय कळलं तुला? काय पाहिलंस? सगळं पहिल्यासारखंच झाकलेलं आहे. हे वाचून निराशा वाटली तर निर्गम 33 परत काढा.

सहावी पायरी: साफेद

1492 मध्ये स्पेनने ज्यूंना हाकललं. त्यांच्यातली बरीच मंडळी पुढे गालीलच्या डोंगरावरच्या साफेद गावी जमली आणि सोळाव्या शतकात तिथे कब्बालाने नवं वळण घेतलं. लुरिया 1570 मध्ये तिथे आले, 1572 मध्ये साथीत गेले. जेमतेम दोन वर्षं! स्वतः फारच थोडं लिहिलं. शिष्य हायीम विताल यांनी त्यांचं बोलणं ग्रंथांत उतरवलं.

त्यांची कथा तीन शब्दांत आहे. त्सिमत्सुम: सगळीकडे देवच होता, जगाला जागाच नव्हती, म्हणून त्याने स्वतःला आवरून घेतलं आणि पोकळी केली. शेविरा: त्या पोकळीत प्रकाश झेलायला केलेली भांडी तो सोसू शकली नाहीत, फुटली, आणि ठिणग्या टरफलांत अडकून जगभर विखुरल्या. तिक्कून: त्या ठिणग्या उचलून परत लावायच्या, आणि ते काम माणसाकडे आहे. जेवण्याआधी म्हटलेला आशीर्वाद, इमानाने केलेला व्यवहार, सगळ्यांतून ठिणगी सुटते. घरदार फुटलेल्या माणसांना ही कथा परकी वाटली नसणार.

लुरियाच्या शिकवणीचे मूळ ग्रंथ नवख्याने उघडू नयेत. ते तज्ज्ञाच्या मदतीशिवाय कळत नाहीत. त्याऐवजी कोर्दोवेरोंचं ‘तोमेर देवोरा’ हे छोटं पुस्तक घ्या. माझ्या मते नवख्यासाठी याहून चांगलं काही नाही. प्रश्न साधा आहे: माणूस देवाच्या प्रतिमेत घडलाय ना, मग त्याने वागावं कसं? पहिलंच उत्तर अंगावर येतं. माणूस ज्या हाताने पाप करतो त्या हाताला त्याच क्षणी हलायची शक्ती कोण पुरवतो? देवच. तो अपमान सोसतो आणि शक्ती काढून घेत नाही. तूही तसा सोसायला शीक. इथे देवाला ओळखणं म्हणजे त्याच्यासारखं वागून पाहणं. रोज अर्धं पान, आणि दिवसभरात एकदा तरी करून पाहायचं.

साफेदचीच आणखी एक देणगी ऐकायला मिळते. शुक्रवारी संध्याकाळी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळात, ‘लेखा दोदी’ हे श्लोमो अल्काबेत्झ यांचं गीत गातात, शब्बाथला, म्हणजे आठवड्याच्या विसाव्याच्या पवित्र दिवसाला, वधू मानून तिचं स्वागत करतात, आणि शेवटच्या कडव्याला सगळे दाराकडे वळतात. मुंबई, पुणे, अलिबाग इथे सिनेगॉग आहेत. जायचं तर आधी रीतसर परवानगी काढा, ओळखपत्र बाळगा, पुरुषांनी डोकं झाका आणि शब्बाथला फोटो काढू नका. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाची मराठी आपलीच आहे, पण ‘कब्बाला शिकवा’ म्हणून कोणाच्या मागे लागू नका. त्यांच्या घरचा मलिद्याचा विधी मात्र समजून घेण्याजोगा आहे. तो एलियाहू हन्नाबींच्या (मराठी बायबलमधला संदेष्टा एलीया) नावाने होतो, आणि अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्यांचा अग्निरथ टेकला अशी श्रद्धा आहे. खडकावरची खूण दाखवतात. लुरियांनाही गूढ शिकवणारे एलियाहूच होते, असं त्यांचे शिष्य सांगत. साफेदला एलियाहू रहस्य उलगडून सांगतात आणि आपल्या कोकणात पोह्या-नारळाच्या ताटाशी येतात.

सातवी पायरी: हसिदी गोष्टी, आणि बाजारापासून सावधगिरी

अठराव्या शतकात हसिदी पंथाचे संस्थापक बाल शेम तोव्ह (मृत्यू 1760) आणि त्यांच्या शिष्यांनी हे सगळं गरीब, न शिकलेल्या माणसांपर्यंत नेलं. ब्रात्स्लावचे रब्बी नाहमान (1772-1810) यांच्या कथा वाचा. लोककथेसारख्या सुरू होतात आणि मधेच खोल जातात. शिस्तीने विचार करणाऱ्याला ल्यादीचे श्नेउर झाल्मान यांचं 1796 मधलं ‘तान्या’ आवडेल.

मनगटाला बांधायचा तांबडा दोरा, पैसे घेऊन दिलं जाणारं ‘मंत्रित’ पाणी, देवाच्या बहात्तर नावांची लॉकेटं, टॅरोला जोडलेली कब्बाला: यांतून या ग्रंथांकडे वाट जात नाही. टॅरोची जोड तर अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय गूढवाद्यांनी लावली. ज्यू परंपरेत ती नाही. शिकवणारा भेटला तर एकच विचारा: आपण कोणता मूळ मजकूर वाचणार आहोत? उत्तरात ग्रंथ आणि पान आलं तर बसा.

आठवड्याचा बेत

ज्यू परंपरेत अभ्यास जोडीने होतो. त्याला ‘हवरूता’ म्हणतात. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने अडवायचं, मग उलट. परदेशी राहणारा मित्र असेल तर फोनवर चालतं. तोऱ्हाचे 54 भाग करून वर्षभरात ती पुरी करतात, आणि झोहरची मांडणीही त्याच भागांनुसार आहे. म्हणून चालू आठवड्याचा भाग, ‘पराशा’, कोणता ते सेफारियाच्या पहिल्या पानावर पाहून घ्या. पहिले दोन महिने तनाखमधली निवडक पानं आणि अक्षरं. तिसऱ्यात सेफेर येत्झिरा आणि दहा सेफिरोत. चौथ्या-पाचव्यात ‘साबा’ आणि रोज अर्धं पान ‘तोमेर देवोरा’. सहाव्यात झोहरचं पहिलं पान, तेरा पाकळ्यांचं.

वहीत डाव्या पानावर मजकुरातली ओळ लिहा आणि उजव्यावर तुमचा प्रश्न. उत्तर सुचलं तर पेन्सिलीने लिहा, पुढच्या वर्षी खोडता येईल असं. प्रश्न शाईने.